जपानचा मुराळी

हिलालआप्पा रोज दिवेलागणीला माझ्या सायकलच्या दुकानापुढे येत, उलट्या घातलेल्या खोक्यावर बसत, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि जपानसाठी रडत.

थट्टा नाही करत. शहाद्यात साठ सालाच्या पुढेमागे ज्यांनी बस स्टँडजवळून संध्याकाळी ये-जा केली असेल त्यांना विचारा. सव्वासहा फूट उंचीचा माणूस, मनगटं मुसळासारखी, मिशा अशा की पोरं रस्ता बदलायची. आणि तो माणूस उपरणं तोंडावर धरून हुंदके देतो आहे, कशासाठी, तर रेडिओवर कुणीतरी जपानी बाई गाते आहे. तिचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. मलाही कळत नव्हता, पण मी निदान रडत तरी नव्हतो. निदान सुरुवातीला.

आधी रेडिओचं सांगतो, कारण तो माझा होता आणि हे गावात कुणी लक्षात ठेवत नाही. भाड्यानं सायकली देण्याचा माझा धंदा. समोरच्यानंही तोच धंदा काढला, तेव्हा गिऱ्हाईक आपल्याकडे वळावं म्हणून मी बॅटरीवरचा रेडिओ घेतला. दोन उंच बांबू रोवले, त्यांच्यामध्ये तार ताणली. तारेवर कावळा बसला की खरखर वाढायची, म्हणून एका पोराला दगड देऊन उभं केलं, तर त्यानं तारच तोडली. ते जाऊ द्या. एके संध्याकाळी मी सिलोन शोधत काटा फिरवत होतो, आणि मध्येच कुठूनतरी हे गाणं लागलं.

पहिल्यांदा नुसती व्हायोलिनं, लांबच लांब स्वर धरून बसलेली. मग एखादी बाजाची पेटी दमेकऱ्यासारखी श्वास घ्यायला लागली. आणि मग ती बाई. सावकाश गात होती, कुणाला तरी जवळ बसवून सांगावं तशी. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचा आवाज थरथरायचा. वाटायचं, आता तुटला, आता तुटला. आणि तुटायचा नाही. ऐकणाऱ्याचाच जीव टांगणीला लागायचा.

नेमके तेव्हाच आप्पा दमणी घेऊन समोरून चालले होते. दमणी म्हणजे वर छत असलेली, मागे पडदा सोडलेली हलकी बैलगाडी. त्यांनी कासरे ओढले.

"कोन रडी ऱ्हायनं रे आठे?"

"कुणी रडत नाही आप्पा, गाणं शे."

"गानं आसं ऱ्हास का?" ते खाली उतरले. "कोठनी शे ही पोर?"

गाण्याआधी निवेदकानं हिंदीत जपानचं नाव घेतलं होतं, म्हणून मी रुबाबात सांगितलं, जपानची. जपान कुठे, दोंडाईचाच्या पल्याड का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोंडाईचा काय घेऊन बसलात, मुंबईच्या पल्याड समुद्र, त्या समुद्राच्या पल्याड आणखी समुद्र, तिथे. आप्पांनी बराच वेळ त्या रेडिओकडे पाहिलं.

"मंग तिले लेवाले कोन जास?" ते म्हणाले. आणि त्यांचे डोळे भरून आले.

तिला न्यायला कोण जातं, हा प्रश्न तुम्हाला विचित्र वाटेल, पण आप्पांचा धंदा कळला की वाटणार नाही. सासरी असलेल्या मुलीला माहेरी न्यायला जो माणूस जातो तो मुराळी, हे मी सांगायला नको. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रत्येक लेक माहेरी आलीच पाहिजे. झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, आमरस आणि खापरावरचे मांडे खायचे. पण भावाला सवड नसते, कुणाचा भाऊ आजारी, कुणाला भाऊच नाही. अशांसाठी हिलालआप्पा. आपली दमणी, आपले बैल, आणि मुराळी म्हणून स्वतः आप्पा. तापीकाठच्या गुजर पाटलांच्या लेकींपासून डोंगराकडच्या कोकणी आदिवासी पोरींपर्यंत सगळ्यांचे ते भाऊ. दर उन्हाळ्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे.

आणि काय तऱ्हेचे मुराळी! सासू म्हणाली, "यंदा जमणार नाही, कामं आहेत," की आप्पा वाद घालत नसत. अंगणात बैल सोडत आणि बसत. पाणी पुढे केलं तर घेत नसत. जेवायला बोलावलं तर मान हलवत. एवढा मोठा माणूस दारात उपाशी बसलेला, बैल अंगणातला कडबा खाताहेत, आळी गोळा होते आहे. संध्याकाळपर्यंत सासू हात टेकायची. कुणी विचारलं, आप्पा, हे कसं काय जमवता, की ते म्हणत, "मन्हं काम लेवानं आन् पोचाडानं. इतलंच." हे "इतलंच", म्हणजे एवढंच, त्यांच्या प्रत्येक बोलण्याच्या शेवटी असे. त्यावर कुणी काही बोललं तर त्यांना ऐकू येत नसे.

त्यांचा एक नेम होता. गाडीत परक्याची लेकबाळ बसली की मागे वळून पाहायचं नाही. पुढे धुरेवर बसायचं, तोंड रस्त्याकडे. बाई मागे गाते, रडते, स्वतःशी बोलते, सगळं ऐकायचं, पण मान वळवायची नाही. "मन्ही पाठले कान शेतस," ते म्हणत. निम्म्या बायकांची बोली त्यांना कळत नसे. पावरी बोलणारी काय म्हणते ते आप्पांना कुठून कळणार? पण त्यांचा दावा असा, की बाई माहेरी चालली आहे की सासरी, हे आवाजावरून कळतं, शब्द लागत नाहीत.

आता हा दावा त्यांनी जपानला लावला.

रोज त्या वेळेला जपानचं हिंदी केंद्र लागायचं. निवेदक मोठ्या अदबीनं सांगायचा, आता अमुक गाणं ऐका. मग ते गाणं, मग आप्पांचा निकाल. "ही चालनी सासरले." किंवा, "ही अजून वाट देखी ऱ्हायनी." एखाद्या दिवशी गाणं जरा उडतं असलं की त्यांचा चेहरा फुलायचा. "उना! भाऊ उना तिना!" तिचा भाऊ आला, या आनंदात खोक्यावर थाप मारायचे. खोकं दोनदा मोडलं. भरपाई मागायची माझी छाती नव्हती.

पुरुष गायला लागला की मात्र ते उठून बैलांना पाणी दाखवायला जात. मी म्हटलं, आप्पा, हाही रडवेलाच गातोय, याचं का नाही वाईट वाटत? तर म्हणाले, "गडी मानूस शे. पायी घर जाई."

एकदा निवेदकानं गाण्याचा अर्थ सांगितला. बंदरावर एक तरुणी उभी आहे, तिचा प्रियकर जहाजातून दूर चालला आहे, धुक्यात जहाज दिसेनासं होतंय. मी आप्पांना सगळं समजावलं आणि म्हटलं, घ्या, झाला निकाल. सासर नाही, माहेर नाही, मुराळी नाही. तुमचं सगळं चुकलं.

आप्पांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "त्याले काय समजस? त्यानी कधी दमनी हाकेल शे का?" आणि मग शांतपणे सांगितलं, "तो तिना भाऊ शे. लेवाले उना व्हता. सासरनासनी तिले धाडं नही. भाऊ परत चालना, आन् ती उभी शे. इतलंच."

आणि गंमत सांगू? मी पुन्हा ते गाणं ऐकलं तेव्हा मलाही तो भाऊच दिसायला लागला. आजतागायत मला प्रियकर दिसलेला नाही. इतका संताप आला मला.

हळूहळू आप्पांच्या शेजारी माणसं वाढली. एक केळीवाले पाटील आधी हसायला येत, मग नुसते येत, मग त्यांचंही उपरणं ओलं व्हायला लागलं. त्यांची धाकटी त्याच वर्षी सासरी गेली होती. कापसाच्या गाड्यांवरचे दोघे-तिघे. एक पोलीस, तो टोपी काढत नसे, पण नाक ओढायचा. गिऱ्हाईक वाढलं का म्हणाल, तर नाही. पंक्चर घेऊन आलेला माणूस ही रांग पाहायचा आणि दबकत समोरच्या दुकानात जायचा.

आणि मग तो रविवार उजाडला.

आमच्या घरातल्या मंडळींची, म्हणजे माझ्या बायकोची, शेवंताची, मावशी तापीकाठच्या प्रकाशा गावी राहायची. संध्याकाळच्या उतरत्या बाजाराला म्हणून शहाद्याला आली, सोबत दोन शेजारणी. एस.टी.तून उतरून पाहते तो काय, जावयाच्या दुकानापुढे माणसं ओळीनं बसलेली, टोप्या काढलेल्या, उपरणी डोळ्यांना. हिलालआप्पा तर गदगदून रडताहेत. जावई कुठे दिसत नाही. कसा दिसणार? मी आत जमिनीवर बसून पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबत होतो.

आमच्याकडे मयताच्या दारी बाई बोलत बोलत रडते, गुण आठवून आठवून. मावशीनं कोपऱ्यावरच पदर डोक्यावरून ओढला आणि सुरुवात केली. दोन्ही शेजारणींनी साथ धरली. मागच्या दारानं तिघी दुकानामागच्या आमच्या घरात शिरल्या. शेवंता पीठ मळत होती. मावशीनं तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "कसा गया वं हिरा! कसा सोडी गया!"

शेवंताला वाटलं, मावशीचे यजमान गेले. तीही रडायला लागली. चौघी गळ्यात गळे घालून रडताहेत, मावशी माझ्यासाठी, शेवंता मावशाजींसाठी. मावशी म्हणते, "कितला गुनी व्हता." शेवंता म्हणते, "व्हय वं मावशी, कधी शबद वाकडा नही." हे बराच वेळ चाललं, कारण माझे आणि मावशाजींचे गुण असे वेगळे सांगता येण्यासारखे नव्हते.

मी आत आलो, हात काळे, आणि म्हणालो, "अगं, चहा टाक."

मावशीची किंकाळी बस स्टँडपर्यंत गेली. पुढे तिला समजावता समजावता नाकीनऊ आले. जिवंत माणसाच्या नावानं रडलं की त्याचं आयुष्य वाढतं, असं सांगून तिची समजूत काढली, तर ती म्हणाली, ते ठीक, पण दारावर येऊन रडलेय तर आंघोळ केल्याशिवाय मी काही खाणार नाही. तिघींना पाणी तापवून दिलं. बाजार राहिला.

रात्रीच्या गाडीत मावशीला बसवून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी गाणं लागताच शेवंता तडक दुकानापुढे आली. एवढ्या माणसांपुढे ती कधी येत नसे. रेडिओचं बटण तिनं स्वतः फिरवलं. सगळे उठून उभे राहिले. ती आप्पांपुढे जाऊन थांबली.

"परदेशनी बाईकरता रडतस, आप्पा? विसरवाडीकडे तुमनी सख्खी बहीन शे. तिले कधी लेवाले गयात का?"

हे खरं होतं, आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं. बोलायचं कुणी नाही, एवढंच. आप्पांची धाकटी बहीण भागाबाई विसरवाडीच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली. आईबाप केव्हाच गेले. आप्पांची बायको गेली त्यालाही बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बायको होती तोवर भागाबाई दर आखाजीला यायची, मग येईनाशी झाली. आप्पा साऱ्या मुलखाच्या बहिणी आणत, स्वतःची तेवढी आणत नसत. दर उन्हाळ्यात विसरवाडीच्या फाट्यावरून एखादा ट्रकवाला निरोप आणायचा, "आप्पा, बहीण खुशाल आहे म्हणे, तुमची आठवण काढते." आप्पा त्याला धरून ठेवायचे. अंगावर काय होतं? पायात काही होतं का? वाळलेली दिसली का? हसली का? ट्रकवाला वैतागून म्हणायचा, मी गाडी चालवतो, मी काय तिचा फोटो काढला? आणि एवढं विचारून आप्पांचा परत निरोप काय, तर "यंदा काम बहू शे." लोक म्हणायचे, चिकट आहे. कुणी म्हणायचे, काळीज नाही. आणि काळीज नसलेला माणूस रोज जपानसाठी रडतो, हे कोडं कुणी सोडवत बसलं नाही.

शेवंता बोलली तेव्हा आप्पांनी टोपी डोक्यावर घातली. मला वाटलं आता "इतलंच" म्हणतील. तेसुद्धा म्हणाले नाहीत. बैलांकडे गेले.

त्या दिवसापासून आप्पा यायचे बंद झाले. मी हट्टानं रेडिओ लावायचो. बाई गायची. तिचं सासर की माहेर हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि खरं सांगतो, मला करमत नव्हतं. शेवंतालाही चुटपुट लागली होती. ती मला म्हणे, "जाईसन देखा ना त्यासले." मी म्हणे, बोललीस तू, जा तू. असं करत करत आखाजी दोन आठवड्यांवर आली, आणि एके दिवशी आप्पांच्या घरातून एवढा धूर निघायला लागला की आम्ही दोघंही पळालो.

आत पाहतो तो हिलालआप्पा चुलीपुढे उकिडवे बसलेले. चुलीवर खापर उलटं घातलेलं. मिशांना पीठ. दोन्ही हात पसरलेले, आणि त्या हातांवर कणकेचा एक गोळा, पुरण भरलेला, कोपरापर्यंत लोंबत होता. मांडे करत होते! खापरावरचा मांडा हातावर झुलवत झुलवत मोठा करायचा आणि अलगद खापरावर पसरायचा, हे काम आमच्याकडे बायकांनासुद्धा वर्षानुवर्षं साधत नाही. आमच्या देखत तो गोळा फाटला आणि निम्मा चुलीत पडला. कोपऱ्यात फुटक्या खापरांचा ढीग होता.

शेवंताला हसू आवरेना. मीही हसलो. आप्पा हसले नाहीत.

"हे काय चाललंय, आप्पा?"

ते हातांकडे बघतच बोलले. मी त्यांना एका दमात इतकं बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं. "मन्हा घरमा बाईमानूस नही. भागीले मी लयनू, तर ती काय करी? येई आन् चुल्हापुढे बसी. भाऊले भाकर करी, भाऊनं घर झाडी. सासरमा बी चुल्हा, आठे बी चुल्हा. मंग ते माहेर कसानं? तिले कोनता तोंडघाई सांगू, ये माहेरले?"

शेवंता म्हणाली, "मंग मन्हा घर आना ना तिले. मी करसू सगळं."

"तुमना घर ती पाव्हनी ऱ्हाई, वहिनी. पाव्हनीले पाय पसारता येतस का?"

शेवंतानं तोंड वळवलं. ती रडत होती आणि मला ते दिसू द्यायचं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी त्या माणसाला काय काय म्हटलं होतं, आणि त्यानं कुणाला एकदाही उलटून सांगितलं नव्हतं. मग शेवंतानं पदर खोचला, आप्पांच्या हातातला गोळा घेतला आणि म्हणाली, "पीठ घट्ट शे. पहिलं पीठ शिका."

पुढचे दिवस आप्पांच्या घरात शाळा भरली. शेवंता बाजूला बसून सांगायची, हात लावायची नाही. आप्पांचे हात कासरे ओढून ओढून राठ झालेले, कणीक ऐकायची नाही. ते कणकेवर, बैलांवर ओरडावं तसे ओरडायचे. एकदा मांडा फाटायच्या आत खापरावर पडला, तर आप्पांनी अशी आरोळी ठोकली की शेजारची म्हातारी काठी घेऊन धावत आली. त्या वर्षी त्यांनी एकाही घरचं मुराळीपण घेतलं नाही. पाटील स्वतः येऊन बसले, धाकटीला आणायचं म्हणून. आप्पांनी हात जोडले. पाटलांना आयुष्यात पहिल्यांदा लेकीला आणायला जातीनं जावं लागलं, आणि पाटील पुढे बरीच वर्षं तेच सांगत असत.

मी म्हटलं, आप्पा, लांबचा पल्ला आहे, एस.टी.नं जा, लवकर याल. तर डोळे वटारून म्हणाले, "बहीन काय एस्टीनं पारसल शे?" दमणी धुतली, बैलांच्या शिंगांना रंग लावला, छताखाली गोधडी अंथरली, आणि प्रकाशाच्या रस्त्यानं निघाले. तापी ओलांडून पुढे नंदुरबार, मग विसरवाडीचा रस्ता. जाताना माझ्या दुकानापुढे थांबले. म्हणाले, "नही म्हननी तर?"

सगळ्या मुलखातल्या सासवांना वठणीवर आणलेला माणूस बहिणीला घाबरत होता.

आखाजीच्या दिवशी सकाळी शेवंता आमरस करून वाट पाहत होती. निंबावर झोके बांधलेले, पोरी गात होत्या. ऊन चढलं तेव्हा दमणी आली. आली, पण तिच्यातून आवाज नाही. आप्पा धुरेवर ताठ बसलेले, चेहरा पांढराफटक. दुकानापुढे जरा थांबले आणि वाकून हळूच म्हणाले, "रस्ताभर एक शबद बोलनी नही. गाई नही, रडी नही. माले काही समजत नही, भो."

"पण आली ना?"

"उनी. सासरनासनी लगेच धाडी. पन माले दारमा देखं आन् तिना हातनं भांडं पडनं. माले म्हने, 'कोनी मरनं का, दादा?'"

आप्पांनी बैलांना हाकललं.

मी रसाचं पातेलं घेऊन मागोमाग गेलो. भागाबाई दमणीतून उतरत होती. मी तिला पाहिली होती तेव्हा ती भरल्या अंगाची होती. आता केस पांढरे, हातांच्या शिरा वर आलेल्या. तिनं घराकडे पाहिलं, एक दीर्घ श्वास घेतला, पदर कमरेला खोचला आणि सरळ दारामागचा झाडू घेतला.

आप्पांनी झाडू तिच्या हातातून काढून घेतला. "बस."

"चुल्हा तरी पेटाडस."

"बस, भागी."

ती पाटावर बसली, अवघडून. आप्पांनी ताट मांडलं. रस्त्यातल्या मुक्कामावरून पहाटेच निघून बैल पळवत आणले होते ते यासाठीच. पीठ शेवंतानं मळून ठेवलेलं, आप्पांनी जायच्या आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे पुरणही तिनंच सकाळी घोटलेलं. आप्पा चुलीपुढे बसले आणि मांडा झुलवू लागले. भागाबाई पाहत राहिली. पहिला फाटला. दुसरा बऱ्यापैकी झाला, एका कडेला जाड, एका कडेला करपलेला. तो त्यांनी तिच्या ताटात घातला आणि रस वाढला.

"तू करस?" एवढंच तिनं विचारलं.

"हाई शेवंतावहिनीनी शिकाडं. खाय."

ती खाली मान घालून जेवली. चांगलं झालं म्हणाली नाही, वाईट झालं म्हणाली नाही. आप्पांच्या कपाळावर घाम आला होता. जेवण झाल्यावर ती ताट उचलायला वाकली, आप्पांनी ताट ओढलं, तिनं सोडलं नाही, दोघं बहीणभाऊ एक ताट दोन बाजूंनी धरून उभे. शेवटी तिनं सोडलं. आणि मग तिला हातांचं काय करावं ते कळेना. पदर सारखा केला, बांगड्या मागे सारल्या, पुन्हा पदर सारखा केला. भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळानं तिनं एक पाय पसरला. मग दाराकडे पाहिलं, कुणी ओरडत नाही म्हटल्यावर दुसरा पसरला. आणि आमच्याकडे बघता बघता तिचे डोळे मिटले. बसल्या जागी कलली आणि गाढ झोपली.

आप्पांनी तिच्या डोक्याखाली गोधडीची घडी सरकवली आणि ते उंबऱ्यावर येऊन बसले. दुपारभर तिथून हलले नाहीत. कुल्फीवाल्याला घंटा वाजवू दिली नाही. झोक्यावरच्या पोरींना हात जोडून सांगितलं, जरा हळू म्हणा. बैल हंबरला तर त्याच्यावर डोळे वटारले.

दिवेलागणीला मी सवयीनं रेडिओ लावला. सणाचा दिवस, सगळे जमले होते. व्हायोलिनं सुरू झाली, आणि मग ती बाई. त्या दिवशी तर असं गायली की पाटलांनी पहिल्याच ओळीला उपरणं काढलं. एवढ्यात आप्पा अनवाणी, चवड्यांवर चालत आले. मला वाटलं, आता खोक्यावर बसतील.

"बंद कर, भो," ते कुजबुजले. "मन्ही बहीन झोपेल शे."

मी बटण फिरवलं. ओळ अर्ध्यावर राहिली.

मी त्यांच्याबरोबर परत गेलो, रिकामं पातेलं आणायचं निमित्त करून. घरात अंधारून आलं होतं. आप्पांनी आवाज न करता कंदिलाची काच पुसली, वात वर केली, देवापुढे दिवा लावला, आणि पुन्हा उंबऱ्यावर बसले. तेवढ्यात भागाबाई दचकून उठली. कुठे आहोत हेच तिला क्षणभर कळेना. घाईघाईनं पदर सावरत म्हणाली, "माय वं! सांज व्हई गई! दिवा लावाना ऱ्हायना!"

"मी लायेल शे," आप्पा म्हणाले. "तू पड."

ती दिव्याकडे पाहत राहिली. मग पुन्हा आडवी झाली.